ठमाबाईच्या हाताचं माप

आबिदाच्या हातात हात गेला की कुठलीही बाई बोलायला लागायची. सासू काय बोलली, पोरीचं लग्न कशापायी मोडलं, नवऱ्याची शिफ्ट बदलल्यावर घरात काय काय बिघडलं, सगळं बांगडी मनगटापर्यंत पोचायच्या आत बाहेर यायचं. भद्रावतीत बांगड्या भरणाऱ्या दुसऱ्याही होत्या, पण फॅक्टरीच्या कॉलनीतल्या बाया आबिदाचीच वाट पाहत. अंगठ्याखालचं मांस ती अशा बेतानं दाबायची की बांगडी कधी आत गेली ते कळायचंसुद्धा नाही.

तिचा एकच हट्ट होता. बांगडी ढिली बसता कामा नये. ढिली बांगडी शेजारणीची मागून घातल्यासारखी दिसते, असं तिचं मत. गिऱ्हाईक कितीही म्हणो, "राहू दे व, कामाले बरी पडते," आबिदा ती उतरवून लहान मापाची भरल्याशिवाय उठायची नाही. या हट्टानं तिचं गावात नाव झालं. आणि या हट्टानंच ठमाबाई मेली, असं ती पुढं जन्मभर म्हणत राहिली. ते पुरतं खरं नाही. पण हे तिला पटवून देणारा माणूस काही तिला भेटला नाही, आणि तिचा नवरा इब्राहीम, जो कारखान्याच्या गेटसमोर सायकली दुरुस्त करायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची थट्टा करायचा, तोही या गोष्टीवर गप्प बसायचा.

गावाबाहेर चंद्रपूरच्या रस्त्याला एका लाकूड ठेकेदाराची जुनी वखार होती. आलापल्लीकडचा साग तिथं उतरायचा. ठेका संपला, ठेकेदार गेला, आणि वारसांनी पुण्य पदरात पडावं म्हणून ती जागा एका ट्रस्टला देऊन टाकली. ट्रस्टनं पत्रे बदलले, मध्ये भिंत घालून बायांची आणि पुरुषांची बाजू केली, खाटा मांडल्या आणि दारावर वृद्धाश्रमाची पाटी लावली. पाटीवर भलंमोठं नाव होतं. लोक मात्र वखारच म्हणत. "त्यानं मायले वखारीत टाकलं," असं म्हणताना आवाज जरा खाली जाई. पंचाऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर ठेवणं या भागात नवीनच होतं, आणि उद्या आपली पाळी येणार नाही अशी खात्री कोणालाच नव्हती.

आबिदा तिथं पहिल्यांदा गेली ती संक्रांतीला. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या बायकोला म्हाताऱ्यांना बांगड्या भरायच्या होत्या, आणि फोटोवालाही बोलावला होता. ज्यांचे नवरे हयात होते अशा दोघी-तिघी पुढं बसवल्या. बाकीच्या भिंतीला टेकून मुकाट पाहत होत्या. तेवढ्यात एक ठेंगणी, लहान हाडाची म्हातारी चाचपडत पुढं आली, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि तिनं आबिदासमोर बसकण मारून हात पुढं केला.

"अहो पण आजी," अध्यक्षीणबाई गोंधळल्या, "तुमचे यजमान तर..."

"नवरा गेला बाई," म्हातारी म्हणाली, "हात थोडीच गेले?"

आबिदा हसली ती थांबेचना. ही ठमाबाई. तिनं नि तिच्या नवऱ्यानं, सोमाजीनं, छप्पन साली दीक्षा घेतली होती. पुढं काही वर्षांनी सोमाजी गेला तेव्हा शेजारच्या जुन्या बाया बांगड्या फोडायला आल्या. ठमाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सांगितलं, ते सारं आपुन सोडलं, आता माह्या हाताले कोनी हात लावाचा नाई. लोकांनी नावं ठेवली. तिनं ती ऐकून घेतली, रोजीनं कामाला गेली, पोराला आयटीआयपर्यंत शिकवलं आणि हातभर हिरव्या बांगड्या घालून त्याच्या लग्नात मिरवली. तिचे हात कधी रिकामे राहिले नाहीत. गावच्या बुद्धविहारात तिला जो मान होता, त्यातला अर्धा त्या बांगड्यांचा होता.

त्या दिवशी आबिदानं तिला अडीचच्या मापाच्या बांगड्या भरल्या. भरलेला, कष्टाचा हात होता. पुढं दर थोड्या दिवसांनी कॉलनीतून परतताना ती वखारीत डोकावू लागली. ठमाबाईकडून ती काही घेत नसे. एखादी बांगडी फुटली असली तर बदलून द्यायची, हात हातात घेऊन बसायचं आणि ऐकायचं. शेजारच्या खाटेवर सुकरी नावाची गोंडीण होती. तिला मराठी निम्मीच कळायची, पण हसायला ती सगळ्यांच्या आधी तयार असायची.

ठमाबाईच्या बोलण्यात फिरून फिरून लहानू यायचा. लहानू तिचा एकुलता मुलगा, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला. क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यात दोन पोरी, बायकोची आजारी आई. दिसत नसल्यामुळं ठमाबाई एकदा पेटत्या स्टोव्हवर पडली. त्यानंतर लहानूनं तिला इथं आणलं. वाईट नव्हता तो. सुट्टीच्या रविवारी बस पकडून यायचा, बिस्किटाचा पुडा आणायचा, खाटेच्या कडेला अवघडून बसायचा. आणि निघताना एक गोष्ट न चुकता करायचा. आईच्या बांगडीत नि मनगटात आपलं बोट घालून पाहायचा.

ही सवय ठमाबाईचीच. लहानू लहान होता तेव्हा ती त्याच्या करदोड्यात बोट घालून पाहायची. बोट सैल फिरलं की पोरगं वाळलं, आणि मग आपल्या ताटातलं त्याच्या ताटात. वजनाचा काटा कोणाच्या घरी होता? आता लेक आईला तसंच तपासायचा. बोट जेमतेम गेलं की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा.

"ठीक हायेस आई."

"मंग? मले काय होते?" ठमाबाई म्हणायची, आणि बिस्किटाचा पुडा सुकरीकडं सरकवायची, कारण तिचे स्वतःचे दात गेले होते आणि बिस्किट भिजवायला तिथं चहा मिळत नव्हता.

पावसाळ्यानंतर कधीतरी ठमाबाईनं आबिदाला हळूच सांगितलं की बांगड्या हात धुताना निघतात. आबिदानं हात पाहिला. खरंच ढिल्या होत्या. तिनं पेटी उघडली आणि एक माप खाली उतरली. सव्वादोनच्या बांगड्या तेलाचं बोटही न लावता गेल्या.

"बाई, हे तं नवरीचं माप!" आबिदा म्हणाली. "कॉलनीतल्या पोरी या मापासाठी रडतात. हात कसा मऊ झाला तुमचा."

"बसून खातो नं आता," ठमाबाई म्हणाली, आणि तिघी हसल्या.

बांगड्यांच्या धंद्यात लहान माप ही कौतुकाची गोष्ट. आबिदानं आयुष्यभर तेच कौतुक केलं होतं, तेच तोंडात आलं. होळीच्या सुमारास सव्वादोनच्याही ढिल्या झाल्या. तेव्हा आबिदानं त्याहून लहान भरल्या आणि आपल्या कामावर खूश होऊन घरी गेली. पुढच्या रविवारी लहानूचं बोट बांगडीत जेमतेम गेलं. ठीक हायेस आई.

उन्हाळ्यात कॉलनीत एका घरी मुंज होती. तिथल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीला बांगड्या हव्या होत्या. आबिदानं तिचा हात पाहिला, पेटीतला खालचा डबा काढला आणि उघडला तर त्यात हिरव्या बांगड्याच नव्हत्या. पोरीबाळींच्या मापाच्या हिरव्या बांगड्या कोण नेतं, असं मनाशी म्हणत ती लाल शोधू लागली. आणि शोधता शोधता तिचा हात थांबला. त्या तिनंच संपवल्या होत्या. ठमाबाईच्या हातात भरल्या होत्या.

त्या पोरीचा हात तिच्या हातात तसाच राहिला. "आबिदाबी, दाबता काऊन?" पोरगी ओरडली, तेव्हा तिनं सोडला.

तिथून ती सरळ वखारीत गेली. एवढे महिने ती तिथं जात होती, पण बांगड्या भरायच्या बाईनं हाताकडं पाहावं तसं हाताकडंच पाहत होती. आज तिनं पदर बाजूला सारून ठमाबाईचा दंड पाहिला. दंड आणि मनगट एकाच जाडीचं झालं होतं. तोंड मात्र सुजून भरल्यासारखं दिसत होतं, आणि लहानूला तेच बाळसं वाटत असणार. पाठीवर, खाटेच्या दोरीला लागून, कातडी सोलली होती. मग जेवणाची घंटा झाली नि आबिदा मुद्दाम बसून राहिली. कोलू नावाचा एकटा गडी दोन्ही बाजूंना ताटं वाटत होता. जाडा भात, पाण्यासारखं वरण. ठमाबाईचं ताट त्यानं खाटेखाली ठेवलं आणि पुढं गेला. ठमाबाई हातानं जमीन चाचपत राहिली. ताट सापडलं, दोन घास गेले, आणि परत घंटा झाली. कोलू आला नि सगळ्यांची ताटं उचलून घेऊन गेला, भरलेली तशीच.

"अरे, तिनं खाल्लं कुठी?" आबिदा म्हणाली.

"मी एकटा हावो जी," कोलू म्हणाला. "भांडे घासाचे हायेत, मंग तिकडच्या बुढ्यांचे कपडे हायेत. मी कोनाकोनाले भरवू?" तो खोटं बोलत नव्हता. पाण्याचा माठ दाराशी होता आणि संध्याकाळनंतर पाणी द्यायचं नाही असा मॅनेजरचा हुकूम होता, कारण रात्री अंथरुणं ओली होतात.

मॅनेजर निवृत्त मास्तर होते, बोलायला गोड. त्यांनी आबिदाला खुर्ची दिली. "म्हातारपणी माणूस वाळतोच, आबिदाबी. तुम्ही-आम्हीही वाळू." दुसऱ्या दिवशी आबिदा मऊ खिचडी घेऊन गेली आणि तिनं ती स्वतःच्या हातानं भरवली. ठमाबाईनं डबा पुसून खाल्ला. तिसऱ्या दिवशी दारावर मॅनेजर उभे. बाहेरचं अन्न चालणार नाही. उद्या कोणाला हगवण लागली तर ट्रस्ट आम्हाला धरेल. हे सगळं तितक्याच गोडीनं. आबिदाच्या जिभेला धार होती, पण गोड माणसापुढं ती धार चालवायची कशी हे तिला कधी जमलं नाही. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या बंगल्यावरही ती जाऊन आली. तिथं पुढच्या संक्रांतीला नक्की बोलावू असं सांगितलं.

"घरी घेऊन ये तिले," इब्राहीम म्हणाला. "एक खाट टाकू." पहिल्यांदाच तो थट्टा न करता बोलला. आबिदानं ठमाबाईला विचारलंही. ठमाबाईनं नाही म्हणून मान हलवली. "लोक काय म्हनतीन? लहानूची माय परक्याच्या घरी जाऊन मेली? तुहं घर चांगलं हाय आबिदा, पन माह्या पोराच्या तोंडाले काळं लागते नं."

राहिला लहानू. आबिदा एसटीनं चंद्रपूरला आणि तिथून वीज केंद्राच्या बसमध्ये मागं उभी राहून ऊर्जानगरला गेली. क्वार्टर शोधलं. लहानू ड्युटीवरून नुकताच आला होता, तोंडावर राखेची पुटं. त्यानं तिला आत बोलावलं, पाणी दिलं.

"लहानूभाऊ, बाईले घेऊन या. ती तिथी उपाशी मरून राह्यली."

लहानूचा चेहरा आधी उतरला आणि मग घट्ट झाला. "मी मागच्या रविवारी होतो तिथी. बोट घालून पाह्यलं. बांगड्या बरोबर बसल्या होत्या."

"त्या मी बसवल्या. दोनदा माप लहान केलं. आता तिच्या हातात पोरीबाळींच्या बांगड्या हायेत."

आतल्या खोलीत कोणीतरी खोकत होतं. दोन पोरी दारातून पाहत होत्या. लहानूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग छताकडं. तो काय मोजत होता ते आबिदाला दिसलं, आणि तिला त्याचा राग आला नाही, हेच तिला पुढं फार लागलं. "पह्यलं होतं तेच मोठं माप भरून ठेव," तो शेवटी म्हणाला. "मी रविवारी येतो. माह्या डोळ्यानं ढिल्या दिसल्या, तं त्याच बसनं घेऊन येतो तिले. कुठीही ठेवीन. वऱ्हांड्यात ठेवीन."

परतताना आबिदाला वाटलं, झालं. आता रविवारपर्यंत फक्त म्हातारी टिकली पाहिजे.

रविवारी सकाळी तिनं लहान बांगड्या उतरवल्या आणि अडीचच्या, पहिल्या संक्रांतीला भरल्या होत्या अगदी तशाच, ठमाबाईच्या हातात घातल्या. घातल्या कसल्या, ओतल्या. लहानू काय म्हणाला तेही तिनं सांगून टाकलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ठमाबाई ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "वऱ्हांड्यात ठेवीन म्हनला?"

"हो."

"त्याची सासू कुठी झोपते?"

"आत."

ठमाबाई हसली. "माहा लहानू," ती म्हणाली.

लहानू आला तेव्हा ती खाटेवर बसलेली होती, दोन्ही कोपर मांडीवर टेकून, दोन्ही तळवे गालाला लावून. एखादी पोर गोष्ट ऐकायला बसते तशी. बांगड्या मनगटावरून घसरून कोपराशी जाऊन थांबल्या होत्या, आणि वरून पदर होता. लुगड्यातून बांगड्यांचा हिरवा काठ तेवढा चमकत होता. हात भरलेले दिसत होते.

"बाई, हात खाली करा," आबिदा म्हणाली.

"काऊन व? बसू दे नं मले. पोराचं तोंड दिसत नाई, आवाज तरी आयकू दे."

"लहानूभाऊ, हात खाली करायले लावा तिले."

लहानू पुढं झाला. बोट बांगडीत घालायला त्यानं हात लांबवला, आणि ठमाबाईनं हात तसाच गालाशी घट्ट दाबून धरला. "दुखते रे," ती म्हणाली. "नको लावू." लहानूचा हात मागं आला. त्यानं आबिदाकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात रागापेक्षा विनवणी जास्त होती. बाई, मले सोड, असं ते पाहणं होतं.

आबिदा तिथंच उभी होती. एक पाऊल पुढं टाकून तो हात ओढायचा, बस. सारा जन्म तिनं बायांचे हात हातात घेतले होते, मनासारखे वळवले होते, दाबले होते. पण दिला नाही तो हात तिनं कधी ओढला नव्हता. ती ओढू शकली नाही. लहानूनं बिस्किटाचा पुडा खाटेवर ठेवला आणि उन्हं उतरायच्या आत तो बस पकडायला गेला. त्याच्या पावलांचा आवाज दाराबाहेर गेला तेव्हा ठमाबाईचे हात मांडीवर पडले, आणि बांगड्या सरसर खाली येऊन बोटांच्या पेरांशी अडकल्या.

"उतरवू?" आबिदानं विचारलं.

"राहू दे. ह्या माह्या मापाच्या हायेत."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी कोलू सायकलवरून आला. ठमाबाई पहाटे गेली होती. आबिदा पोचली तेव्हा ती छातीवर हात दुमडून पडली होती, बांगड्या कोपराशी. दुपारपर्यंत लहानू आला, मागोमाग विहारातली चार माणसं पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या घेऊन. मॅनेजर हात जोडून उभे होते. म्हाताऱ्या माणसाचं हे असंच, ते म्हणत होते, झोपेत गेल्या, भाग्यवान. कोणी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

तिरडीवर घ्यायला दोघांनी तिला उचललं. तसा एक हात सुटून खाटेच्या कडेवरून खाली लोंबला, आणि बांगड्या एकामागून एक निसटून सारवलेल्या जमिनीवर पडल्या. एकही फुटली नाही. लहानू वाकला. त्यानं एक बांगडी उचलली, आईच्या बोटांवरून आत सारली, आणि ती थांबलीच नाही. मनगट गेलं, कोपर गेलं, बांगडी थेट काखेपर्यंत गेली. त्यानं सवयीनं बांगडीत बोट घातलं. मग दोन बोटं. मग तीन.

"हे कोनाचं माप हाय?" त्यानं विचारलं.

"तिचंच हाय, लहानूभाऊ," आबिदा म्हणाली. "इथी आली तवाचं."

लहानू खाली बसला तो उठेना. माणसांनी त्याला तसाच बसू दिला. आबिदानं बांगड्या गोळा केल्या, एकेक करून परत ठमाबाईच्या हातात भरल्या आणि निघू नयेत म्हणून हात तिच्या छातीवर दुमडून पांढऱ्या कापडाखाली बांधला. रिकाम्या हातानं ती जाऊ नये एवढंच आता तिच्या हातात होतं. आयुष्यात दुसऱ्यांदा तिनं जाणून ढिल्या बांगड्या भरल्या, आणि दोन्ही वेळा याच हातात.

तिरडी बाहेर गेली. आबिदा पेटी उचलायला वळली तेव्हा शेजारच्या खाटेवरून सुकरीनं हात पुढं केला होता. तिच्या मनगटावर दोनच बांगड्या होत्या, त्या तिनं हलवून दाखवल्या आणि तोंडभर हसली.

"माह्या बी ढिल्या. लहान दे."

"नाई," आबिदा म्हणाली. "लहान माप नाई आता."

सुकरीला निम्मंच कळलं. तिला वाटलं, आबिदा रागावली. तिनं हात मागं घेतला आणि पदराखाली लपवला.